१९०५ साली कोरियात काय चाललं होतं? जपानच्या साम्राज्यवादाचा अभ्यास कुठून सुरू करावा?

शाईदौत
आमच्या घरी जपानचा विषय निघाला की आजी तोगोवर यायची. तिचे वडील राष्ट्रीय कीर्तनं करायचे. पूर्वरंगात तुकोबांचा अभंग, आणि उत्तररंगात कधी बाजीप्रभू तर कधी ॲडमिरल तोगो. रशियाचं आरमार बाल्टिक समुद्रातून निघालं, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलं आणि २७ व २८ मे १९०५ या दोन दिवसांत जपान-कोरियामधल्या त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत तोगोच्या जपानी आरमाराच्या हातून बुडालं, हे आजी अशा रंगात येऊन सांगायची की आम्हा पोरांना ते रत्नागिरीसमोरच घडलं असावं असं वाटे. एका आशियाई देशाने गोऱ्यांच्या साम्राज्याला लोळवलं, याचा आनंद तिच्या वडिलांच्या पिढीला किती झाला असेल ते तिच्या आवाजावरून कळायचं.

तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त सोलला जाणं झालं. एका मोकळ्या दुपारी सोदेमुन तुरुंग बघायला गेले. १९०८ साली बांधलेला, लाल विटांचा, आता संग्रहालय आहे. मार्च १९१९ च्या जपानविरोधी स्वातंत्र्य आंदोलनातली शाळकरी मुलगी यू ग्वान-सुन इथेच १९२० मध्ये वारली. आत भिंतीवर सालवार इतिहास लावला आहे. त्यात १९०५ शोधलं. तिथे तोगो नव्हता. तिथे १७ नोव्हेंबर १९०५ होता. राजवाड्याभोवती जपानी सैन्य उभं करून जपानचा माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी याने कोरियाच्या मंत्र्यांकडून करार करून घेतला. परराष्ट्र व्यवहार जपानच्या हाती गेला, कोरिया जपानचं संरक्षित राज्य झाला. सम्राट गोजोंगने दाद मागायला १९०७ मध्ये हेगला माणसं पाठवली, तर त्यालाच गादीवरून उतरवलं. १९१० मध्ये उरलासुरला देशही गिळला.

माझ्या पणजोबांचं कीर्तन रंगत होतं त्याच वर्षी हे चाललं होतं. त्यांना ठाऊक नसेल हे समजू शकते. पण मला चाळिशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून जमेल तसं वाचते आहे, थोडी जपानीही शिकते आहे.

वाचताना पहिली अडचण आली ती सुरुवातीची. बहुतेक ठिकाणी जपानचा इतिहास दोन तुकड्यांत मिळतो. एक सम्राट मेइजीच्या काळाचा : १८६८, शाळा, आगगाड्या, कारखाने, सगळं कौतुकाचं. दुसरा १९३१ पासूनचा : मांचुरिया (चीनचा ईशान्य भाग), नानजिंग, पर्ल हार्बर. जणू मधे कुठेतरी एक चांगला देश बिघडला आणि त्याला लष्कराने पळवून नेलं. मला ही मांडणी पटेनाशी झाली आहे.

मी सुरुवात करते ती १८७६ पासून. अमेरिकेचा पेरी काळ्या बोटी घेऊन १८५३ मध्ये उरागाला आला. पुढच्या पाच वर्षांत जपानवर विषम करार लादले गेले : परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालणार नाही, जकात स्वतः ठरवता येणार नाही. या अपमानातून सगळी मेइजी धडपड सुरू झाली, हे आपण वाचलेलं असतं. पण सप्टेंबर १८७५ मध्ये ‘उन्यो’ ही जपानी युद्धनौका कोरियाच्या गांगह्वा बेटाजवळ गेली, गोळीबार झाला, आणि पुढच्या फेब्रुवारीत जपानने कोरियाकडून करार करून घेतला. बंदरं उघडा. जपानी माणसाचा न्याय जपानी वाणिज्यदूत करेल. जपानी मालाला जकात नाही. पेरी येऊन तेवीस वर्षंही झाली नव्हती. स्वतःवरचे विषम करार अजून उठले नव्हते, आणि तेच हत्यार शेजाऱ्यावर चालवून झालं होतं.

त्याही आधी उत्तरेला ऐनू लोकांची भूमी १८६९ मध्ये ‘होक्काइदो’ नाव देऊन ताब्यात घेतली. दक्षिणेला र्‍युक्युचं राज्य नंतर, १८७९ मध्ये, मोडून ओकिनावा प्रांत केला. या दोन्हींना कुणी साम्राज्य म्हणत नाही, कारण ते आजही जपानच्या नकाशात आहेत.

मी एक वही केली आहे. प्रत्येक सालाला एक पान, पानावर दोन रकाने. डावीकडे तोक्यो, उजवीकडे सोल, तैपेई किंवा मांचुरियातलं मुकडेन, जिथे काही घडलं असेल ते.

मला विचारायचं आहे ते हे : साम्राज्य हा मेइजी जपानला पुढे झालेला आजार होता, की आधुनिक होण्याच्या त्या रीतीतच तो होता? ज्यांनी वाचलंय, जे तिकडे राहतात, त्यांनी जरूर लिहा.

मोगरी
वाचतेय. वहीतली एक-दोन पानं इथे टाका ना.

शाईदौत
मोगरी, १९१९ चं पान बघा. डावा रकाना : पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचं कलम घालावं अशी मागणी केली. बहुमत मिळालं, पण एकमत नाही म्हणून अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सनने ती फेटाळली. उजवा रकाना : १ मार्चला सोलमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, देशभर लोक रस्त्यावर आले, पोलीस आणि सैन्याने ते चिरडलं. एप्रिलमध्ये जेआम-री गावात पुरुषांना चर्चमध्ये बोलावून गोळ्या घातल्या आणि चर्च पेटवलं. पॅरिसमध्ये चर्चा चालू असतानाच हे होत होतं.

१९२५ चं पान : डावीकडे पंचविशी ओलांडलेल्या सगळ्या पुरुषांना मताधिकार. त्याच वर्षी शांतता-रक्षण कायदा, म्हणजे विचारांसाठी तुरुंग. उजवीकडे : तो तुरुंगाचा कायदा कोरियातही लागू. मताधिकार मात्र तिकडे पोचला नाही.

एदोगावाकाठ
तोक्योत अकरा वर्षं झाली. धागा मनापासून आवडला, पण थोडा वेगळा सूर लावतो. १८९५ कडे बघा. चीनविरुद्धचं युद्ध जिंकलं, शिमोनोसेकीच्या करारात तैवान, पेस्काडोर बेटं आणि दक्षिण मांचुरियातलं लियाओतुंग द्वीपकल्प मिळालं. आठवडाभरात रशिया, जर्मनी आणि फ्रान्स तिघे पुढे आले आणि लियाओतुंग सोडा म्हणाले. सोडावं लागलं. तीन वर्षांनी त्याच लियाओतुंगात रशिया भाडेपट्टा घेऊन बसला. इथल्या माणसाच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल? त्या काळात देश दोनच जातींचे होते, गिळणारे आणि गिळले जाणारे. भारत, ब्रह्मदेश, व्हिएतनाम डोळ्यांसमोर होते. कोरिया रशियाच्या हातात गेला असता तर पुढचा नंबर आपला, ही भीती खोटी नव्हती. आज सव्वाशे वर्षांनी आपण निवाडा करताना ती भीती मोजली पाहिजे.

शाईदौत
एदोगावाकाठ, भीती खरीच होती, आणि वहीत डाव्या रकान्यात ती लिहिलेली आहे. पण ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे मला मान्य नाही, कारण दुसरा मार्ग दाखवणारी माणसं खुद्द जपानमध्ये होती. इशिबाशी तान्झान या पत्रकाराने १९२१ मध्ये सरळ लिहिलं की कोरिया, तैवान, मांचुरियातले हक्क, सगळं सोडून द्या. भावनेने नाही, हिशेबाने. कोरिया, तैवान आणि क्वांतुंग (लियाओतुंगातला जपानचा भाडेपट्टा) या तिघांशी मिळून होणारा व्यापार एकट्या अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराहून कमी आहे, मग या वसाहती सांभाळायला सैन्य आणि आरमार किती पोसायचं, असं त्याने मांडलं. ज्या भीतीची तुम्ही गोष्ट करता ती वसाहतींमुळेच वाढते, कारण त्या राखायला आणखी पुढची जमीन लागते. कोरिया राखायला मांचुरिया हवा, मांचुरिया राखायला उत्तर चीन हवा. पुढची पंचवीस वर्षं अक्षरशः तशीच गेली.

एदोगावाकाठ
इशिबाशींचा मुद्दा बिनतोड आहे. हेच गृहस्थ १९५६ च्या डिसेंबरात पंतप्रधान झाले, पण आजारपणामुळे दोनच महिन्यांत पद सोडावं लागलं. आणखी एक नाव यात जोडतो : यानाइहारा तादाओ. तोक्योच्या शाही विद्यापीठात वसाहतनीतीचा प्राध्यापक. तैवानच्या साखरेचा त्याने कसून अभ्यास केला : उसाची शेतं, गिरण्या, जपानी भांडवल आणि सरकारी पोलीस हे सगळं एकाच दोरीत कसं गुंफलं आहे ते दाखवलं. चीनवरच्या युद्धाला विरोध केला म्हणून डिसेंबर १९३७ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. युद्धानंतर तोच त्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला. माझं म्हणणं थोडं सुधारतो : भीती सगळ्यांना होती, निष्कर्ष सगळ्यांचा एक नव्हता.

काळीमाती
माझा विषय शेती, त्यामुळे त्या बाजूने लिहिते. मेइजीचं कौतुक करताना पैसा कुठून आला हे कुणी विचारत नाही. १८७३ मध्ये त्यांनी शेतसाऱ्याची पद्धत बदलली. आधी सारा भातात, पिकाप्रमाणे. आता जमिनीच्या ठरवलेल्या किमतीच्या ३ टक्के, रोख, पीक येवो न येवो. आपल्याकडच्या वाचकांना हे चांगलं ओळखीचं आहे. दख्खनच्या रयतवारीतही रोख सारा, ठरलेली तारीख आणि दारात सावकार हेच होतं, आणि १८७५ मध्ये सुप्याला सावकारांचे कर्जाचे दस्तऐवज जळले. पुढच्याच वर्षी, १८७६ च्या डिसेंबरात जपानमध्ये मिए आणि इबाराकी भागांतले शेतकरी उठले. सरकारने जानेवारी १८७७ मध्ये सारा अडीच टक्क्यांवर आणला. कुळांच्या खंडाला मात्र कुणी हात लावला नाही. ते जमीनदाराला भात मोजतच राहिले.

त्याच खेड्यांतली मुलं सक्तीच्या लष्करभरतीत गेली आणि मुली रेशमाच्या गिरण्यांत. नागानो भागात सुवाच्या गिरण्यांत जायला मुली बर्फातून नोमुगी घाट ओलांडून पायी जायच्या. त्यांनी काढलेलं रेशीम परदेशी जायचं आणि त्या पैशातून यंत्रं आणि युद्धनौका यायच्या. ‘समृद्ध देश, बलवान सेना’ या घोषणेतल्या पहिल्या दोन शब्दांचा भार या मुलींनी उचलला. साम्राज्याचा पहिला बळी शोधायचा तर तो मला जपानी खेड्यातच सापडतो. शाईदौत, वहीला तोक्योच्या बाहेरच्या जपानचाही रकाना हवा.

आणि युद्धाचं अर्थकारण. १८९५ मध्ये चीनकडून २० कोटी ताएल चांदी खंडणी, लियाओतुंग सोडल्याबद्दल आणखी ३ कोटी. जपान सरकारच्या तेव्हाच्या वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पट. बहुतेक पैसा सैन्य आणि आरमारात गेला, त्याच्या जोरावर १८९७ मध्ये चलन सोन्याला बांधलं, आणि काही भाग यावाताच्या पोलाद कारखान्यात घातला. तो १९०१ मध्ये सुरू झाला. युद्धाने पैसा मिळतो हा धडा राज्यकर्त्यांनी आणि जनतेनेही घेतला. म्हणूनच १९०५ मध्ये रशियाकडून एक रुबलही खंडणी मिळाली नाही तेव्हा तोक्योच्या हिबिया बागेत दंगल उसळली आणि पोलीस चौक्या जळल्या. सैन्याने जनतेला फरफटत नेलं असं म्हणणाऱ्यांनी हिबिया विसरू नये.

कापसाबद्दलही लिहायचंय, पण उद्या. आज तुरीची काढणी आहे.

कलम११
काळीमाती यांच्या प्रतिसादाला जोड. मी वकिली करतो, म्हणून १८८९ ची राज्यघटना मुद्दाम वाचली. अकराव्या कलमात सैन्याचा सर्वोच्च अधिकार सम्राटाचा. त्याचा अर्थ असा लावला गेला की सैन्याच्या हुकमात मंत्रिमंडळाने आणि संसदेने बोलायचंच नाही. १९०० मध्ये नियम झाला की लष्कर आणि आरमाराचे मंत्री सेवेत असलेले अधिकारीच हवेत. म्हणजे लष्कराने आपला माणूस दिलाच नाही की सरकार कोसळलं. १९१२ मध्ये तसं झालंही. जनक्षोभामुळे १९१३ मध्ये नियम सैल झाला, १९३६ मध्ये पुन्हा आवळला. १९३१ च्या सप्टेंबरात क्वांतुंग सेनेच्या, म्हणजे मांचुरियातल्या जपानी सैन्याच्या, अधिकाऱ्यांनी मुकडेनजवळ स्वतःच रूळ उडवले आणि चिन्यांवर आळ घेतला, तेव्हा तोक्योतलं सरकार त्यांना थांबवू शकलं नाही. थांबवायला दोरीच घटनेत नव्हती. लंडनच्या आरमारी कराराबद्दल पंतप्रधान हामागुचींना १९३० मध्ये तोक्यो स्थानकावर गोळी घातली, १९३२ मध्ये पंतप्रधान इनुकाईंचा त्यांच्याच घरी खून झाला. तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर : जे १९३१ मध्ये फुटलं त्याचं गळू १८८९ मध्येच धरलेलं होतं.

काळीमाती
राहिलेलं लिहिते. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाशी या सगळ्याचं नातं आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन काइशा कंपनीची मुंबई–कोबे बोट टाटांच्या साथीने सुरू झाली. जपानी कंपनीची ती पहिली लांब पल्ल्याची नियमित बोटसेवा. इंग्रज कंपनीने भाडं पाडून तिला बुडवायचा प्रयत्न केला, पण बोट टिकली, कारण ओसाकाच्या गिरण्यांना आपली रुई हवी होती. आपल्या रुईचं सूत आणि कापड करून ते चीनला आणि नंतर आपल्याकडेही विकत. १९३३ मध्ये इंग्रज सरकारने ब्रिटिशेतर कापडावर ७५ टक्के जकात लावली, तेव्हा जपानने हिंदी रुई घेणंच बंद केलं. शेवटी १९३४ मध्ये करार झाला : तुम्ही इतक्या गाठी घ्या, आम्ही तेवढं कापड येऊ देऊ. जपानचं उद्योगीकरण आपल्या काळ्या मातीवरही चाललं होतं, आणि कोटा पद्धतीने दारं बंद व्हायला लागल्यावर ‘आपला स्वतःचा प्रदेश हवा’ ही भाषा तिकडे आणखी जोरात सुरू झाली.

मोगरी
जपानकडून आलेली एक चांगली गोष्टही नोंदवते, नाहीतर चित्र अपुरं राहील. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती १९१५ च्या सुमारास तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली, आणि तिच्यावरून त्यांनी १९१६ मध्ये आपलं महिला विद्यापीठ काढलं. माझी आई तिथेच शिकली. जपानने आशियाला काहीच दिलं नाही असं मला म्हणवत नाही.

सोलापुरी_चादर
आमच्या गावच्या माणसाचं नाव अजून कसं आलं नाही? डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे, जन्म १९१०. चीनवर जपानचं आक्रमण चालू असताना १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं : अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. चोळकर नागपूरचे. इतर परतले, कोटणीस राहिले. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर फिरत शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. वय ३२. शाळेत आम्हाला त्यांच्या त्यागाबद्दल शिकवलं, पण ते कुणाच्या गोळ्यांनी जखमी झालेली माणसं शिवत होते ते कधी कुणी स्पष्ट सांगितलं नाही.

रानवाट
सगळं मान्य. पण जपानने आझाद हिंद सेनेला आधार दिला, क्रांतिकारक रासबिहारी बोसांना आसरा दिला. नेताजींना बळ देणाऱ्या देशाबद्दल इतकं कठोर लिहिताना मला जड जातं. आपल्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत ते आपल्या बाजूला होते.

शाईदौत
रानवाट, तुमची भावना माझ्याही घरात आहे. म्हणून नेताजींकडेच जाते. सोलापुरी_चादर यांनी लिहिलेलं पथक १९३८ मध्ये ज्या काँग्रेस अध्यक्षांनी पाठवलं ते सुभाषचंद्र बोसच. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी जपानवर लेख लिहिला होता. जपानने आशियासाठी मोठं काम केलं हे मान्य करून त्यांनी विचारलं होतं की हे साम्राज्यवादाशिवाय, चीनचे तुकडे न पाडता, एका प्राचीन आणि स्वाभिमानी लोकांचा अपमान न करता करता आलं नसतं का. पुढे परिस्थितीने त्यांना जपानकडे नेलं. पण जपान काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्यावर श्रद्धा ठेवायला आपण अज्ञानी राहण्याची गरज नाही.

खाडीपूल
मागच्या वर्षी पोर्ट ब्लेअरला गेलो होतो. जपान्यांनी मार्च १९४२ मध्ये अंदमान घेतलं. २९ डिसेंबर १९४३ ला नेताजी तिथे आले, ३० ला तिरंगा फडकवला. तेव्हा तिथल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे प्रमुख डॉ. दिवाणसिंग जपान्यांच्या कोठडीत होते, सेल्युलर जेलमध्येच. जानेवारी १९४४ मध्ये छळानेच ते गेले. आणि ३० जानेवारी १९४४ ला हंफ्रीगंजला ४४ भारतीयांना हेरगिरीच्या आरोपावरून एका खड्ड्याशी उभं करून गोळ्या घातल्या. तिथे आता स्मारक आहे. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात ते नव्हतं, रिक्षावाल्याला सांगून मुद्दाम गेलो. तासभर होतो, दुसरं कुणीही आलं नाही. सावरकरांच्या कोठडीसमोर मात्र पाय ठेवायला जागा नव्हती.

खडकीवासी
आजोबांबद्दल लिहू की नको हे चार दिवस ठरत नव्हतं. ते पाचव्या मराठा पलटणीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते, मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या संगशाकला. छत्रीसैनिकांच्या ब्रिगेडबरोबर ही बटालियन एका उघड्या टेकडीवर अडकली. आठवडाभर लढाई. पाणी नव्हतं. विमानातून टाकलेली रसद बरीचशी जपान्यांच्या हद्दीत पडत होती. आजोबांना त्यानंतर आयुष्यभर घरातला हंडा रिकामा दिसलेला चालायचा नाही, रात्री उठून तपासायचे.

ते जपान्यांना शिव्या देत नसत. पावसाळ्यात माघार घेणाऱ्या जपानी सैनिकांची जी प्रेतं त्यांनी पाहिली ती सांगायचे. हाडाला कातडं चिकटलेलं, जवळ रिकामे डबे, काहींच्या खिशात गवत. मी पुढे वाचलं तेव्हा कळलं : इंफाळच्या मोहिमेत सुमारे ८५ हजार जपानी सैनिक उतरले, त्यातले ३० हजारांच्या आसपास मेले, आणि त्यातले कितीतरी भुकेने आणि रोगाने. रसदीची सोय नसताना सेनापती मुतागुचीने त्यांना डोंगरात लोटलं. त्या माघारीच्या वाटेला जपानीत ‘पांढऱ्या हाडांचा रस्ता’ म्हणतात. काळीमाती, तुम्ही म्हणालात ना, पहिला बळी जपानी खेड्यात. आजोबांनी शेवटचाही तिथलाच पाहिला.

मोगरी
खडकीवासी, लिहिलंत ते फार बरं केलंत.

रानवाट
खाडीपूल, खडकीवासी, दोन्ही प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. हंफ्रीगंजचं नावही मी ऐकलं नव्हतं. एक विचारतो : मग न्यायमूर्ती राधाबिनोद पालांनी जपानी नेत्यांवरच्या तोक्योच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात सगळ्यांना निर्दोष का म्हटलं? तोक्योत युद्धात मेलेल्यांसाठीच्या यासुकुनी देवळात त्यांचं स्मारक आहे म्हणतात.

कलम११
२००५ मध्ये उभारलं. पण त्यांच्या निकालाचा तिथे लावला जाणारा अर्थ आणि निकाल यांत अंतर आहे. अकरा न्यायाधीशांपैकी पालांचा आक्षेप मुख्यतः कायद्याचा होता : आक्रमक युद्ध हा गुन्हा ते घडलं तेव्हा कायद्यात होता का, आणि जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांचा न्याय करावा का. जपानी सैनिकांनी अत्याचार केले याचा पुरावा जबरदस्त आहे हे त्यांनीच नमूद केलं आहे. ‘आरोपींवर हा गुन्हा कायद्याने लागत नाही’ आणि ‘काही घडलंच नाही’ यातला फरक कनिष्ठ न्यायालयातला नवा वकीलही सांगेल.

त्या खटल्याबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. कोरिया आणि तैवानवर राज्य केलं हा तिथे विषयच नव्हता. कसा असेल? खुर्चीवर बसलेल्यांपैकी इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड यांच्या स्वतःच्या वसाहती होत्या. उलट दुय्यम खटल्यांत १४८ कोरियन माणसं युद्धगुन्हेगार ठरली, त्यातली २३ फासावर गेली. बरेचसे युद्धकैद्यांच्या छावण्यांवरचे पहारेकरी, ब्रह्मदेशच्या रेल्वेवर वगैरे नेमलेले. जपानी म्हणून शिक्षा झाली. आणि १९५२ मध्ये शांतता करार लागू झाल्यावर त्यांचं जपानी नागरिकत्व गेलं, म्हणून जपानी सैनिकांना मिळणारं निवृत्तिवेतन मिळालं नाही. शिक्षेपुरते जपानी, पैशापुरते परके.

एदोगावाकाठ
माझी मुलगी इथल्या शाळेत आहे. पाठ्यपुस्तकात यातलं किती यावं यावर इएनागा साबुरो या इतिहासकाराने सरकारविरुद्ध १९६५ ते १९९७, बत्तीस वर्षं खटले लढवले. शेवटच्या निकालात हार्बिनजवळच्या ७३१ तुकडीचा, म्हणजे जिवंत माणसांवरच्या जंतुप्रयोगांचा मजकूर काढायला लावणं बेकायदा ठरलं. मुलीच्या पुस्तकात काय आहे ते या रविवारी तिच्याबरोबर बसून वाचणार आहे. आजवर ते उघडून बघितलं नव्हतं.

शाईदौत
काळीमाती आणि खडकीवासी, तुमच्या म्हणण्यावरून वहीत तिसरा रकाना आखला : जपानी खेडी. आणि सगळे प्रतिसाद वाचल्यावर चौथाही लागला : आपण. त्यासाठी १९०५ चं पान पुन्हा काढलं.

२७ मे, त्सुशिमा. १२ ऑगस्ट, इंग्लंड आणि जपान यांनी आपली मैत्री नव्याने केली. १९०२ च्या करारात हिंदुस्थानचा उल्लेख नव्हता, या नव्या करारात आहे. इंग्लंडने मान्य केलं की कोरियात जपानचं हित सर्वोच्च आहे, हवं ते करा. बदल्यात जपानने मान्य केलं की हिंदुस्थानच्या सरहद्दीच्या रक्षणासाठी हवी ती पावलं उचलण्याचा इंग्लंडला हक्क आहे. ५ सप्टेंबर, पोर्ट्‌स्मथचा तह, त्याच दिवशी हिबियाची दंगल. १६ ऑक्टोबर, बंगालची फाळणी. १७ नोव्हेंबर, कोरियाचा करार.

म्हणजे कोरिया आणि हिंदुस्थान हे त्या ऑगस्टमध्ये एकाच कागदावर, देवाणघेवाणीच्या दोन बाजूंना होते. आणि तो कागद पुढे कामालाही आला. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या हिंदी शिपायांनी बंड केलं, तेव्हा ते मोडायला जपानी युद्धनौकांवरचे नौसैनिकही किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर चारच महिन्यांनी रासबिहारी जपानला पोचले. सरकारने इंग्रजांच्या दबावाखाली त्यांना हद्दपारीचा हुकूम दिला, आणि आसरा दिला तो तोक्योतल्या काही खासगी माणसांनी.

पणजोबांच्या कीर्तनाची एक वही आईकडे आहे, मोडीत लिहिलेली. तोगोचं आख्यान तिच्यात असावं. मोडी वाचणारं कुणी इथे आहे का? पानांचे फोटो पाठवते. त्यात कोरियाचं नाव कुठे येतं का तेवढंच बघायचं आहे.

सोलापुरी_चादर
मला मोडी येते. पाठवा.